मायकेल फॅराडे आणि सोन्याचा वर्ख

इ. स. १८५६ सालची गोष्ट. लंडन शहरातील रॉयल इन्स्टिट्यूशन या विख्यात संस्थेच्या तळघरात एक प्रयोगशाळा होती. तेथे ६४ वर्षांचा एक शुभ्र केसांचा गृहस्थ हातात काचेचा लहानसा तुकडा घेऊन उभा होता. त्या काचेवर सोन्याचा वर्ख बसवलेला होता. काच उजेडात आडवी धरली, म्हणजे वर्ख पिवळाधमक झळके. परंतु तीच काच डोळ्यांसमोर धरून तिच्यातून उजेडाकडे पाहिले, म्हणजे पलीकडचे सर्व काही हिरवे दिसे. सोने पिवळे आणि त्यातून येणारा प्रकाश मात्र हिरवा! हे कौतुक पूर्वीच्या विद्वानांनाही ठाऊक होते. पण असे का व्हावे, हा प्रश्न मनात घेऊन वर्षभर त्याच्या मागे लागणारा मनुष्य हाच पहिला.

त्या गृहस्थाचे नाव मायकेल फॅराडे. ज्याच्या शोधामुळे पुढे घरोघर वीज पोहोचली, तोच हा शास्त्रज्ञ. त्याची कीर्ती तेव्हा साऱ्या युरोपात पसरली होती. मिळवण्यासारखे सर्व त्याने मिळवले होते. शिवाय त्याची स्मरणशक्तीही त्याला दगा देऊ लागली होती. अशा वयात दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. फॅराडेने मात्र मिठाईवर लावतात तसल्या वर्खाचा एक तुकडा हाती घेतला आणि विद्यार्थ्याच्या उत्सुकतेने नवे काम आरंभिले. या कामाची गोडी कळण्यासाठी त्याच्या आयुष्याची कथा प्रथमपासून पाहिली पाहिजे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. त्याचे वडील जेम्स फॅराडे हे लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी नरम असे. त्यामुळे भाता आणि ऐरण यांच्याशी दिवसभर झुंजणे त्यांस झेपत नसे, आणि ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मजुरीही नाही. मायकेल दहा वर्षांचा असताना धान्य फार महाग झाले. त्या काळात त्याची आई त्याला एक पाव देई आणि तो पाव त्याला आठवडाभर पुरवावा लागे. अशा घरी शिक्षण कितीसे मिळणार? लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढीच त्याची शाळेतील कमाई होती.

तेराव्या वर्षी मायकेल रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी पोऱ्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे नेऊन द्यावयाची आणि वाचून झाली की परत आणावयाची, हे त्याचे काम. ते त्याने इतके इमानाने केले की, एका वर्षाने रीबोने कसलेही शुल्क न घेता त्याला पुस्तकबांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवून घेतले. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

दुसऱ्या मुलांच्या दृष्टीने ते दुकान म्हणजे खळ, दोरा आणि पुठ्ठा यांचे ठिकाण. मायकेलला ती शाळा वाटली. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो आधी वाची आणि मग बांधी. एकदा ज्ञानकोशाचा एक खंड त्याच्या हाती आला. त्यातील विजेवरील लेख वाचून तो अगदी भारून गेला. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने असेच वाचून काढले. पण नुसते वाचून त्याचे समाधान होत नसे. पुस्तकात जे सांगितले आहे ते खरेच तसे घडते काय, हे पाहण्यासाठी तो खाऊच्या पैशांतून चार वस्तू जमवी आणि लहानसहान प्रयोग करून पाही. स्वतः पडताळून पाहिल्याखेरीज कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाही, ही सवय त्याला येथेच जडली, आणि ती जन्मभर टिकली.

पुस्तकबांधणीच्या कामाने त्याला आणखी एक देणगी दिली, ती म्हणजे हलका आणि नेमका हात. पातळ कागद न चुरगळता दुमडणे, कडा सरळ कापणे, पुठ्ठ्यावर कातडे बिनसुरकुतीचे बसवणे, ही कामे धसमुसळ्या माणसाची नव्हेत. त्या काळी पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरे उठवीत. त्यासाठी सोन्याचा वर्खच वापरीत. श्वासाचा वारा लागला तरी उडून जाणारी ही वस्तू बांधणीच्या धंद्यात नित्याची होती.

१८१० साली मायकेलचे वडील वारले. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहारकाम करीत असे. धाकट्या भावाची विद्येची ओढ त्याने ओळखली होती. लंडनमध्ये टेटम नावाचे एक गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग शुल्क पडे. तो शिलिंग रॉबर्ट आपल्या कष्टाच्या कमाईतून देई. ऐरणीवर घाव घालून मिळवलेल्या त्या नाण्यांवर एका शास्त्रज्ञाची घडण चालली होती.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने या वाचनवेड्या उमेदवाराला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते सर हम्फ्री डेव्ही. डेव्ही हे त्या वेळचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ. त्यांची व्याख्याने ऐकण्यास लंडनमधील श्रीमंत स्त्रीपुरुषांची गर्दी लोटे. त्या गर्दीत बसून मायकेलने प्रत्येक व्याख्यानाची काळजीपूर्वक टिपणे घेतली. घरी येऊन ती सुवाच्य अक्षरांत लिहून काढली, त्यांना आकृत्या जोडल्या आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे तीनशेहून अधिक पानांचे पुस्तक बांधले.

त्याच वर्षी उमेदवारी संपली. तो दुसऱ्या एका दुकानात पगारावर बांधणीचे काम करू लागला. पण त्याचे मन आता तेथे रमेना. विज्ञानाची सेवा करावयास मिळावी, मग काम कितीही हलके असो, अशी त्याला तळमळ लागली. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्याने पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. अखेर त्याने धीर करून स्वतः बांधलेले ते पुस्तक डेव्हींकडे पाठवले. डेव्हींनी त्यास बोलावून घेतले, पण जागा रिकामी नसल्याने आपला धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. तथापि त्या पुस्तकाचा विसर त्यांना पडला नाही. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा मोकळी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅराडे त्या जागेवर रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि त्याच इमारतीत माडीवर राहावयास दोन खोल्या, एवढे त्याला मिळाले. बाटल्या धुणे, उपकरणे मांडणे, चूल पेटवणे ही त्याची कामे होती.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले आणि त्यांनी फॅराडेला बरोबर घेतले. त्यांचा नोकर ऐन वेळी आला नाही. म्हणून नोकराची कामेही फॅराडेवर पडली. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखेच वागवीत. हा अपमान त्याला फार बोचे. एकदोन वेळा सर्व सोडून घरी परतावे असेही त्याच्या मनात आले. परंतु पॅरिसमध्ये अँपिअर आणि मिलानमध्ये व्होल्टा यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ त्याला या प्रवासातच पाहावयास मिळाले. ज्ञानासाठी त्याने मानापमान गिळला. दीड वर्षाने तो परतला, तेव्हा त्याची दृष्टी विशाल झाली होती.

यानंतरची पंचवीस वर्षे म्हणजे शोधांची मालिकाच होय. १८२१ साली विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरत राहते, असे त्याने दाखवले. आजच्या विजेच्या मोटारीचे मूळ तेथे आहे. १८२५ साली त्याने बेंझीन हा पदार्थ शोधून काढला. १८३१ साली त्याने तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवून वीज उत्पन्न केली. धरणावरची प्रचंड यंत्रे ज्या तत्त्वावर वीज निर्माण करतात, ते हेच तत्त्व. लोहाराचा मुलगा आता जगातील पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांत गणला जाऊ लागला.

कारखानदारांना सल्ला देऊन त्याला अमाप द्रव्य मिळवता आले असते. पण त्यात वेळ जातो, म्हणून त्याने ते उत्पन्न सोडून दिले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ करण्यात आले, तेही त्याने नम्रपणे नाकारले. मुलांसाठी मात्र त्याला नेहमी सवड असे. दर वर्षी नाताळच्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्याने होत. त्यांतील १९ व्याख्यानमाला एकट्या फॅराडेने दिल्या. मेणबत्ती कशी जळते, एवढ्या साध्या विषयावरून तो मुलांना साऱ्या रसायनशास्त्राची ओळख करून देई.

पण अतिश्रमाचा परिणाम शरीरावर झाल्यावाचून राहत नाही. चाळिशी उलटल्यानंतर त्याला भोवळ येऊ लागली. काल काय केले ते आज आठवेनासे झाले. काही काळ त्याला सर्व संशोधन बंद ठेवावे लागले. शास्त्रज्ञाची स्मृती जाणे म्हणजे सुताराचा हात जाण्यासारखे होय. या संकटावर फॅराडेने आपल्या परीने उपाय योजला. प्रत्येक प्रयोग, त्याचा दिनांक, त्यात काय दिसले आणि काय दिसले नाही, हे सर्व तो रोजनिशीत लिही आणि प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक घाली. अशा १६ हजारांहून अधिक नोंदी त्याने केल्या. मन जे धरून ठेवू शकत नव्हते, ते त्याने कागदावर बांधून ठेवले.

१८४५ साली त्याने एक अपूर्व गोष्ट पाहिली. जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो, असे त्याला आढळले. तेव्हापासून प्रकाश आणि पदार्थ यांचे नाते काय, हा विचार त्याच्या मनात घोळत राहिला. हातभर जाडीच्या स्वच्छ काचेतून प्रकाश सहज पार होतो. कागदाएवढ्या पातळ धातूच्या पत्र्यातून मात्र तो तिळभरही जात नाही. असे का? आणि धातूचा पत्रा पातळ करीत गेले तर? कोठेतरी प्रकाशाला वाट मिळेलच की! तेथे, त्या सीमेवर, प्रकाश आणि पदार्थाचे कण एकमेकांशी कसे वागतात, ते पाहता येईल, असे त्याला वाटले.

या कामासाठी त्याने सोने निवडले. सोने गंजत नाही, त्यास स्वतःचा ठळक रंग असतो आणि मुख्य म्हणजे ते कुटून अतिशय पातळ करता येते. वर्ख करणारे कारागीर सोन्याची पट्टी पातळ पडद्यांत घालून हातोड्याने कुटीत राहतात. अशा तयार वर्खाची जाडी इंचाच्या सुमारे २ लाख ८० हजाराव्या भागाइतकी भरते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो वर्ख मावतील. प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो. लाल प्रकाशाची एक लहर जेवढी लांब असते, तेवढ्या जागेत असे सुमारे सात वर्ख एकावर एक राहतील. म्हणजे हा वर्ख प्रकाशाच्या एका लहरीहूनही कितीतरी पातळ झाला.

फॅराडेला एवढ्यानेही समाधान वाटेना. हातोड्याने याहून पातळ करता येत नाही, तेव्हा त्याने रसायनाचे साहाय्य घेतले. ओल्या काचेवर त्याने वर्ख अलगद बसवला आणि त्याच्याखाली पोटॅशियम सायनाइडचे सौम्य द्रावण सोडले. हे द्रावण भयंकर विषारी असते, पण ते सोन्याला हळूहळू विरघळवते. वर्ख पाहता पाहता विरळ होत गेला. योग्य क्षणी द्रावण काढून टाकून त्याने तो स्वच्छ पाण्याने धुतला. पुस्तकबांधणीच्या दुकानात तयार झालेले ते हात साठी उलटल्यावरही कामास चुकले नाहीत.

आता पडताळणीची वेळ आली. वर्खातून हिरवा प्रकाश येतो खरा, पण तो सोन्यातूनच येतो कशावरून? वर्खाला भोके असतील आणि त्यांतून तो येत असेल तर? फॅराडेने सूक्ष्मदर्शकाखाली वर्ख धरला. त्यात बारीक भोके होतीच, पण त्यांतून येणारा प्रकाश पांढरा होता. जेथे वर्ख अखंड होता, तेथूनच हिरवा प्रकाश येत होता. तेव्हा सोने खरोखरच प्रकाशाला वाट देत होते.

त्याचे कारण आज आपणांस नीट सांगता येते. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. सोने त्यांतील तांबडा आणि पिवळा प्रकाश बहुतेक सर्व परत फिरवते. म्हणून ते आपल्याला पिवळे दिसते. जांभळा आणि निळा प्रकाश ते बऱ्याच अंशी शोषून घेते. मधला हिरवा राहतो. तो त्यातल्या त्यात कमी अडतो आणि वर्ख पुरेसा पातळ असला म्हणजे पलीकडे निघतो. परत फिरणे, शोषले जाणे आणि पार होणे, या तीनच वाटा प्रकाशापुढे असतात. कोणत्या रंगाने कोणती वाट धरावी, हे पदार्थ आणि त्याची जाडी ठरवतात.

पुढे फॅराडेने काचेवरचा वर्ख तापवून पाहिला. सोने वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तीहून फारच कमी उष्णता त्याने दिली. तरीही वर्खाची झळाळी गेली आणि त्यातून येणारा हिरवा रंगही नाहीसा झाला. काच जवळजवळ रंगहीन दिसू लागली. सोने उडून गेले काय? मुळीच नाही. त्याच जागी त्याने अकीकाच्या गुळगुळीत खड्याने दाब दिला, तेव्हा हिरवा रंग पुन्हा उमटला! सोने तेच, वजन तेच, परंतु कणांची मांडणी बदलली की प्रकाशाशी असलेले त्याचे वागणे बदलते, असा याचा अर्थ होता.

सर्वांत मोठे नवल मात्र अभावितपणे हाती आले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून तो वर्खाहूनही तलम असे सोन्याचे पापुद्रे तयार करीत असे. ते काचेवर घेऊन धुताना उरलेले पाणी त्याला माणकासारखे लालभडक दिसले. दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतून दिले असते. फॅराडेने ते बाटलीत भरून ठेवले आणि त्याचे परीक्षण सुरू केले. पाणी दिसावयास अगदी नितळ होते. पण भिंगाने त्यात प्रकाशाची शलाका सोडताच तिचा मार्ग स्पष्ट उजळून निघाला. सकाळी छपराच्या फटीतून घरात कवडसा येतो, तेव्हा त्यात तरंगणारे धूलिकण चमकतात आणि कवडशाची वाट दिसते. तसेच हे होते. त्या लाल पाण्यात सोन्याचे असंख्य कण तरंगत होते, पण ते इतके सूक्ष्म की सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत.

त्या पाण्यात त्याने थोडे मीठ घातले, तो लाल रंग पालटून निळा झाला. मिठामुळे लहान कण एकत्र येऊन मोठे झाले होते. म्हणजे एकच सोने डल्याच्या रूपात पिवळे, वर्खाच्या आरपार हिरवे, सूक्ष्म कणांच्या रूपात लाल आणि ते कण जुळले की निळे! पदार्थाचा रंग तो पदार्थ कोणता आहे एवढ्यावरच अवलंबून नसून, तो किती पातळ आणि किती बारीक आहे यावरही असतो, हे सत्य फॅराडेने प्रयोगाने उघड केले.

५ फेब्रुवारी १८५७ रोजी त्याने हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडले. वास्तविक त्याच्या मनात याहून मोठी आशा होती. सोन्याच्या कणांमुळे एका रंगाच्या किरणाचे दुसऱ्या रंगाच्या किरणात रूपांतर होते, असे त्याला एकदा वाटले होते. कणांनी काही रंग अडवून उरलेले सोडणे निराळे आणि किरणाचा रंगच पालटणे निराळे. असे रूपांतर सिद्ध झाले असते, तर तो फार मोठा शोध ठरला असता. पण पुनःपुन्हा प्रयोग करूनही त्याची खात्री पटेना. मग त्याने काय केले? आपली ही आशा होती आणि ती अद्याप सिद्ध झालेली नाही, असे त्याने निबंधातच स्वच्छ लिहून टाकले. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या माणसाने शंभर विद्वानांपुढे आपले अपयश आपण होऊन सांगणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तो गप्प राहिला असता, तरी कोणाला कळले नसते. पण जे दिसले ते सांगावे आणि जे दिसले नाही तेही सांगावे, हा त्याने तरुणपणापासून पाळलेला नियम होता. आपल्या नोंदी पुढे या वाटेने जाणाऱ्या कोणाचे तरी श्रम वाचवतील, एवढीच त्याची अपेक्षा होती.

यानंतर फॅराडेची शक्ती झपाट्याने ओसरली. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने त्याला हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले. १८६२ साली त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपले शेवटचे व्याख्यान दिले. शेवटी शेवटी त्याला परिचितांची नावेही आठवत नसत. त्याची पत्नी सेरा हिने अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसला असतानाच त्याने शांतपणे देह ठेवला. त्याच्या इच्छेप्रमाणे लंडनमधील हायगेट येथील दफनभूमीत त्याचा साधेपणाने अंत्यविधी झाला.

फॅराडे गेला, पण त्याने पेरलेले बी उगवल्यावाचून राहिले नाही. १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव मी याने सोन्याच्या सूक्ष्म कणांना लाल रंग का येतो, याचे गणित मांडले. किरणाचा रंग बदलण्याची जी घटना फॅराडेला सोन्यात सापडली नाही, तशी घटना १९२८ साली आपल्या देशात, कोलकात्यात, चंद्रशेखर व्यंकट रामन यांना द्रवपदार्थांत आढळली. द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशातील अगदी थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो, असे त्यांनी सिद्ध केले.

पदार्थ पातळ करीत जाण्याची फॅराडेची वाटही पुढे फार लांबवर गेली. त्याच्या हातातील वर्खात सोन्याच्या अणूंचे सुमारे ४०० थर होते, असा हिशेब आज करता येतो. २००४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी याहून पुष्कळ पुढचा टप्पा गाठला. शिसपेन्सिलीत असते त्या ग्रॅफाइटवर साधी चिकटपट्टी लावून ती पुनःपुन्हा सोलत, त्यांनी केवळ एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. त्याला ग्रॅफीन म्हणतात. या कामासाठी त्या दोघांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या पातळ थराने प्रकाशाला काही अडथळाच होऊ नये, असे आपल्याला वाटेल. पण ग्रॅफीनचा एकच थर त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे २.३ भाग शोषून घेतो. दोन थर ठेवले, तर सुमारे दुप्पट प्रकाश शोषला जातो. शिवाय सोन्याप्रमाणे तो रंगारंगांत भेद करीत नाही. तांबडा असो की निळा, दिसणाऱ्या सर्व रंगांस तो सारखाच न्याय देतो. मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या एका संयुगाची तऱ्हा आणखी वेगळी. प्रकाश पाडल्यावर त्याचा जाड तुकडा स्वतः जवळजवळ चमकत नाही. त्याचा एकच थर मात्र लाल प्रकाश बाहेर टाकतो. पदार्थ तोच, पण पातळ केला की वागणूक निराळी, हा फॅराडेने घेतलेला अनुभव येथेही येतो.

आणि २०२४ साली स्वीडनमधील लिंशॉपिंग विद्यापीठातील संशोधकांनी खुद्द सोन्याचाच एका अणूच्या जाडीचा पापुद्रा तयार केला. त्याहून पातळ सोने असूच शकत नाही. ज्या रस्त्यावर फॅराडेने १८५६ साली पाऊल टाकले होते, त्याचे शेवटचे टोक १६८ वर्षांनी गाठले गेले.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅराडेने तयार केलेल्या सोनेरी पाण्याच्या बाटल्या जपून ठेवल्या आहेत. पाण्यात तरंगणारे ते सोन्याचे कण अजून पुरते तळाशी बसलेले नाहीत. आपली स्मृती मावळत असताना एका वृद्ध माणसाने शेवटच्या उमेदीने केलेले ते काम आहे. त्या बाटलीतून प्रकाशाची शलाका सोडली, तर तिची वाट आजही उजळून निघते.